वाद्यांचं खातं वेगळं, गाण्यांचं खातं वेगळं

कोरेगाव तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, माझं वय २३. बी.कॉम. झाले, पतसंस्थेत नोकरी करते. गिटार आणि पेटी बऱ्यापैकी वाजवते, दिमडी चालते, तुणतुणं शिकतेय. स्वतः लिहून चाल लावलेली वीसेक गाणी आहेत. सगळे म्हणतात हे 'इंडी फोक' आहे. नोकरी सोडून पुण्या-मुंबईला जाऊ का? इथं राहून यात करिअर होतं का? आणि अजून किती वाद्यं शिकायला लागतील?"

आधी सरळ उत्तर देते. नोकरी आत्ता सोडू नको. मुंबईला तर जाऊच नको, पुण्याचं खाली सांगते. वाद्यं आहेत तेवढी पुष्कळ झाली. आणि करिअर होतं, पण ते ज्या रस्त्यानं होतं तो रस्ता पोस्टरवर दिसत नाही.

मी सांगली-मिरज पट्ट्यात राहून हेच काम करते. माझं पोट आजवर माझ्या गाण्यांनी भरलेलं नाही, माझ्या वाद्यांनी भरलंय. गाण्यांनी मला नाव दिलं, नावामुळं वाद्यांचं काम बऱ्या पैशात मिळायला लागलं, आणि त्या पैशातून पुढची गाणी रेकॉर्ड झाली. तू पतसंस्थेत आहेस, तुला खातं ही गोष्ट समजावून सांगायला नको. वाद्यांचं खातं चालू खातं आहे, त्यात रोज उलाढाल होते. गाण्यांचं खातं मुदत ठेवीचं. मुदतीआधी मोडलीस की नुकसान तुझंच. या धंद्यात कंटाळून बाहेर पडलेली जी माणसं मी पाहिली, त्यातल्या बहुतेकांनी पहिल्या दोन वर्षांत स्वतःच्या गाण्यांकडून घरभाडं मागितलं होतं.

'इंडी' म्हणजे काय यावर लोक तास तास बोलतात. माझ्यापुरता अर्थ एवढाच, की पैसे तुझे, निर्णय तुझा, हक्क तुझे. मागं कंपनी नाही. बाकी आवाज मऊ असावा, गिटार बोटांनी छेडावी, फोटो धुक्यात काढावा, हे सगळं ऐच्छिक.

त्यात एक अमेरिकन गोष्ट सगळ्यांना पाठ असते. बॉन इव्हेर या नावानं गाणारा जस्टिन व्हर्नन २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या झोपडीत एकटा राहिला, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून अल्बम केला आणि आधी स्वतःच काढला. गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना तिचा पहिला भाग गाळला जातो. त्याआधी तो कित्येक वर्षं बँडमध्ये वाजवत होता, मित्रांबरोबर गाव सोडून दुसऱ्या राज्यात गेला होता, तो बँड फुटला आणि मग तो झोपडीत गेला. झोपडीत शिरताना हात तयार होते. आपल्याकडची मुलं झोपडीपासून सुरुवात करतात. कासला एक खोली घेतात, आठवडाभर राहतात आणि धुक्याचे व्हिडिओ घेऊन परत येतात.

आता वाद्यांकडं. 'मल्टी-इन्स्ट्रुमेंटलिस्ट' हा शब्द परिचयपत्रात छान दिसतो, पण स्टेजवर पाच वाद्यं मांडून प्रत्येकावर एकेक गाणं वाजवणारा माणूस लोकांना गाण्यासाठी आठवत नाही, वाद्यांसाठी आठवतो. मी म्हणेन, एक वाद्य असं ठेव की डोळे झाकून, सर्दी झालेली असताना, लाइट गेलेली असताना वाजलं पाहिजे. तुझ्या बाबतीत ते गिटार दिसतंय. दुसरं वाद्य कमाईचं, ते पेटी. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत पेटीवर साथ करणाऱ्याला काम नाही असं होत नाही. भजनी मंडळं, कीर्तन, शाळांची स्नेहसंमेलनं, दिवाळी पहाट, कुणाच्या वडिलांचा अमृतमहोत्सव. तिसरं वाद्य रंगाचं. तुणतुणं किंवा दिमडी, एका वेळी एकच. रेकॉर्डिंगमध्ये वाटलं तर सगळी वाजव, तिथं तुला कुणी पाहत नाही.

ही वाद्यं एकत्र आणताना खरी डोकेदुखी सुराची असते, आणि ती कुठल्या शिकवणीत सांगत नाहीत. तू काळी चारला, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गातेस असं लिहिलंयस. म्हणजे गिटारला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर आणि बोटं जी च्या आकारात. इथवर सोपं. पण शेजारी पेटी असली की आधी पेटीचा सा धरायचा, त्यावर गिटार लावायची, आणि शेवटी तुणतुणं. उलटं करायला गेलीस तर फसशील, कारण पेटीचे सूर जागेवर हलत नाहीत. जुनी पेटी ४४० ला, म्हणजे ट्यूनर धरून चालतो त्या प्रमाण सुराला, लावलेली असेलच असं नाही, थोडी चढी किंवा उतरलेली असते. क्लिपवाला ट्यूनर बिचारा हिरवा दिवा दाखवतो आणि तरी दोन्ही एकत्र वाजले की दात आंबतात. चांगल्या ट्यूनरमध्ये तो ४४० चा आकडा बदलता येतो. पेटीचा सा ट्यूनरवर कुठं बसतोय ते आधी बघून ठेव, आकडा तसा लाव, आणि मग गिटारच्या सहा तारा लाव. दुसऱ्याची पेटी वापरायची असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास लवकर जायचं कारण हेच.

कॅपोचं आणखी एक. कॅपो लावला की तारा किंचित चढतात, म्हणून लावल्यानंतर परत एकदा सूर बघायचा. कार्यक्रमाच्या मध्ये कॅपो काढ-घाल कमीत कमी होईल अशी गाण्यांची क्रमवारी लाव. गाण्यांचा क्रम पुष्कळदा भावनेनं नाही, कॅपोनं ठरतो.

तुणतुणं दिसायला सोपं, साऊंडवाल्याला छळणारं. तो नेहमीच्या सवयीनं माईक चामड्याच्या बाजूला धरतो, मग नुसता काडीचा ठोका ऐकू येतो आणि तार हरवते. माईक वरच्या उघड्या तोंडाच्या कडेला, वीतभर अंतरावर, तारेकडं तिरका ठेवायचा. मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) मागं असेल तर शिट्टी मारतो, म्हणून तुणतुणं वाजवताना मॉनिटरपासून एक पाऊल बाजूला. हे तू स्वतः साऊंडवाल्याला सांगायचंस, गोड बोलून, चहा झाल्यावर. साऊंडवाल्याशी भांडून आजपर्यंत कुणाचा आवाज चांगला लागलेला नाही.

दिमडीबद्दल एक सावधगिरी. जुनी, चांगली म्हणून दाखवलेली दिमडी पुष्कळदा घोरपडीच्या कातड्याची असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि घोरपड संरक्षित प्राणी आहे. ती घेऊ नको, घेऊन प्रवास तर अजिबात करू नको. बकरीच्या कातड्याची घे. पावसाळ्यात ती ढिली पडणार, हलगीसारखी शेकायला लागणार, आणि हॉलमध्ये जाळ करायला कोण देणार? म्हणून जून ते सप्टेंबरसाठी एक फायबरची ठेव. आवाज थोडा पत्र्यासारखा लागतो, पण सूर सोडत नाही.

लूप पेडल, म्हणजे वाजवलेली ओळ तिथंच रेकॉर्ड करून परत परत वाजवणारं यंत्र, घेऊ का असंही विचारलंयस. रियाजासाठी घे. स्टेजवर एखाद्या गाण्याला ठीक आहे. पण आपल्या जत्रेतल्या माणसाला तू एक ओळ वाजवून थांबतेस, मग दुसरी चढवतेस, मग टाळी चढवतेस, एवढा वेळ गाण्याची वाट बघायला लावलीस तर तो भजी खायला जातो. त्यापेक्षा झील धरायला, म्हणजे मागून ओळ उचलायला, एक माणूस घे. तमाशा-पोवाड्याच्या परंपरेत झीलकरी उगाच नसतात. मुख्य गायकाला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला ओळ पाठ होते. तुझ्या दोन-तीन गाण्यांत झील उचलायला जागा आहे, मी ऐकली तेव्हाच वाटलं.

गाण्यांबद्दल आता, कारण मुद्दा तोच आहे. पाठवलेल्या गाण्यांपैकी आजीच्या दळणाचं जे आहे ते अस्सल आहे. 'मातीचा सुगंध', 'गावाकडची वाट', 'हिरवं रान' असली जी तीन-चार आहेत ती बाजूला ठेव. ती पुण्यात बसून गावाकडं बघणाऱ्या माणसाची गाणी आहेत, आणि तू तर कोरेगावात राहतेस. तुझ्याकडं पतसंस्थेच्या वसुलीचं गाणं नाही याचं मला आश्चर्य वाटलं. थकबाकीदाराच्या घरी गेल्यावर त्याची बायको आधी पाणी आणते, हे तूच मला लिहिलंयस. ते गाणं लिही. जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेचं पाणी येणार म्हणून ऐकत म्हातारी झालेली पिढी तुझ्या तालुक्याशेजारीच आहे, तेही कुणी गायलेलं मी ऐकलं नाही.

दुसरी तक्रार कॉर्डची. ओवीची चाल चार-पाच सुरांत फिरते. तिच्याखाली तू दर ओळीला चार कॉर्ड बदलतेस, त्यामुळं ओवी हिंदी सिनेमातल्या गाण्यासारखी वाटायला लागते. ओवीला खाली षड्ज-पंचम धरून ठेवणारं काहीतरी हवं. गिटारच्या जाड तारा एक-दोन सूर उतरवून मोकळ्या वाजू दे आणि कॉर्ड फक्त कडव्याच्या शेवटी बदल. ठेक्याचंही तसंच. तुझं बोटांनी वाजवणं आपसूक सहा मात्रांचं आहे, त्यावर दादरा आरामात बसतो. पण भजनी ठेक्याच्या गाण्यावर तू तेच बोटकाम चढवलंयस, तिथं ढोलकीवाला आणि तू दोघं एकमेकांची वाट बघत बसाल.

या भागात लोकसंगीताचं भांडार किती खोल आहे हे बाहेरचे सांगतात, आपण गृहीत धरतो. शाहीर साबळे वाई तालुक्यातल्या पसरणीचे, पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, काळू-बाळूंचा तमाशा सांगलीजवळच्या कवलापूरचा. आरेवाडीच्या बिरोबाला ढोल आणि गजी (धनगरांचा नाच) बघितलीयस का? कराड तालुक्यात पालीला पौषात खंडोबाची यात्रा असते, तिथं वाघ्या-मुरळीच्या जागरणात तुझी दिमडी खरी कशी वाजते ते ऐक. नुसतं ऐक. मोबाईल खिशात. आणि एखाद्याची चाल आवडली तर त्याच्याजवळ बस, नाव-गाव विचार, पुढं वापरायची झाली तर सांगून वापर. जात्यावरच्या ओव्यांचं जे मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉटव्हाँ यांनी उभं केलं, एक लाखाच्या वर ओव्या, त्यात ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं असतं. एवढी साधी शिस्त आपल्या गाण्याच्या माहितीत पाळता आली पाहिजे.

काम कुठं मिळतं? चैत्रात यात्रा, मग लग्नं, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, हिवाळ्यात शाळांची संमेलनं. सगळ्यात कोरडा काळ जूनपासून गणपतीपर्यंत, तो लिहिण्याचा आणि रेकॉर्डिंगचा. तुझी अडचण अशी की यात्रांच्या तयारीचा काळ आणि पतसंस्थेचा मार्च अखेर एकावर एक येतात. त्यामुळं पहिली दोन वर्षं रविवार आणि सुट्ट्यांवरच चालव. सुपारी घेताना विसार घेतल्याशिवाय तारीख अडवायची नाही, आणि तारीख, वेळ, साऊंड कुणाचा, जेवण, परतीची गाडी हे सगळं मेसेजवर लिहून घ्यायचं. बाई म्हणून यात परतीची गाडी पहिल्या क्रमांकावर. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद हा ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमावलीतला नियम आहे, वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सवलत मिळते. आता गावात काय होतं? कार्यक्रम सातचा, पाहुणे साडेआठला, सत्कार साडेनऊपर्यंत, नारळ, शाल, पुन्हा नारळ, आणि गाणाऱ्याला मिळतात पंचवीस मिनिटं. म्हणून दोन याद्या तयार ठेवायच्या, एक तासाची आणि एक वीस मिनिटांची. वीस मिनिटांच्या यादीत पहिलंच गाणं सगळ्यात ताकदीचं असलं पाहिजे.

निवडणुकीची गाणी करावीत का, असा प्रश्न तुला लवकरच पडेल, कारण आपल्याकडं ग्रामपंचायतीपासून कारखान्यापर्यंत निवडणुका संपत नाहीत. करायची तर चालू खात्यात, रोख आणि आधी. निकालानंतर हरलेला फोन उचलत नाही आणि जिंकलेला ओळखत नाही. आणि स्वतःच्या गाण्याची चाल त्यासाठी द्यायची नाही. एकदा ती रिक्षावर फिरली की तुझं गाणं पुढची पाच वर्षं त्या चिन्हाचं होतं.

सांगलीला आकाशवाणी केंद्र १९६३ पासून आहे. तिथली ध्वनिचाचणी दे. लोकसंगीत आणि सुगम संगीत असे वेगळे विभाग असतात, श्रेणी 'बी' पासून 'टॉप' पर्यंत. मानधन फार नाही, पण श्रेणी मिळालेला कलाकार ही ओळख शाळा, महाविद्यालयं आणि सरकारी कार्यक्रमांत अजूनही चालते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांबद्दलही हेच म्हणेन. विशारद झाल्यानं गाणं लिहिता येत नाही, पण शिकवणीला आणि शाळेच्या कामाला तो कागद लागतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, दोन वर्षं, महिना ५ हजार, लोककलाही त्यात येते. गुरूकडं किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. तू २३ ची आहेस, पेटीच्या बाईंकडून पत्र घेऊन ठेव.

रेकॉर्डिंगवर फार लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगानं आहेत. खोलीत गाद्या लाव, पंखा बंद कर, उसाचे ट्रॅक्टर थांबले की रात्री रेकॉर्ड कर. आवाज आणि गिटार पहिल्यांदा एकत्रच घे, वेगवेगळं नको. तुझी गती गाण्याबरोबर पुढंमागं होते आणि ती तशीच छान वाटते. क्लिक (ठरावीक गतीची टिकटिक) लावून ती मारू नको. एक-दोन गाणी एकेक करून सोड, सगळा अल्बम एकदम नको.

वितरकामार्फत, म्हणजे गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत, गाणं टाकताना तारीख तीन-चार आठवडे पुढची दे, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडं गाणं पाठवायचं तर निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं. पैशाबद्दल भ्रम नको. स्पॉटिफायवर आधीच्या १२ महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याची रेकॉर्डिंगची रॉयल्टी जमाच होत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. म्हणजे पहिली काही वर्षं हे शून्य धर. काही वितरक वर्षाची फी थकली की गाणी खाली उतरवतात, तेवढं आधी वाचून घे.

आता हक्क. इथं थोडं सविस्तर लिहिते, कारण इथंच आपली माणसं बुडतात.

आपल्या भागात गाण्यांचे चॅनेल चालवणारे बरेच आहेत. एखादं गाणं जरा फिरलं की फोन येतो: "ताई, तुमचं गाणं आम्ही काढतो, व्हिडिओ आमचा, खर्च आमचा, वर एवढे हजार रोख." स्टँप पेपर येतो, त्यावर 'सर्व हक्कांसह, कायमस्वरूपी, जगभर'. माझ्या ओळखीच्या एका गायिकेनं अशी सही केली. आज स्वतःचं गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकलं की तिलाच कॉपीराइटची नोटीस येते.

कायदा तुझ्या बाजूनं बराच आहे, पण तो माहीत असला पाहिजे. एका गाण्यात वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा, रेकॉर्डिंगचा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून. शब्द आणि चाल तुझी आहे तर ते लिहिल्याक्षणी तुझं झालं, नोंदणी सक्तीची नाही. तरी तारखेसकट पुरावा ठेव, स्वतःला ईमेल केलेला कच्चा आवाजसुद्धा कामाला येतो. रेकॉर्डिंगचा हक्क मात्र सहसा ज्यानं पुढाकार घेऊन खर्च केला त्याच्याकडं जातो. म्हणून कुणी "स्टुडिओ फुकट देतो" म्हणालं की त्या फुकटाची किंमत काय, ते आधी कागदावर घे. हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर ते लोक 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द विसरत नाहीत. तू तिथं वर्षांचा आकडा घालून घे. 'विक्री' ऐवजी ठरावीक मुदतीचा परवाना दे.

२०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही असं केलंय. पण तो वाटा गोळा कोण करणार? त्यासाठी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. १९६९ ची संस्था आहे, २०१७ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून नव्यानं नोंदली गेली. गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी सदस्य हो, आणि प्रत्येक गाणं तिथं नोंदव. कुणी मित्रानं एक कडवं लिहिलं असेल तर टक्केवारी गाणं बाहेर पडायच्या आधी ठरव, लिही, दोघांच्या सह्या. मैत्री टिकवायची असेल तर विशेष करून.

पारंपरिक गाणी आणि जुन्या रचना गाताना एक हिशेब डोक्यात ठेव. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या रचना २००६ पासून मोकळ्या आहेत. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, तिथं २०२९ संपेपर्यंत हक्क आहे. दोघं एकाच तालुक्यातले, दोघांचं गाणं लोकांच्या तोंडी, पण कागदावर फरक एवढा. आणि रचना मोकळी असली तरी कुणीतरी केलेलं तिचं रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही. तू स्वतः गा, स्वतः वाजव, आणि शीर्षकात 'पारंपरिक, संगीत संयोजन' असं लिहून पुढं स्वतःचं नाव घाल. पारंपरिक चालीवर एखाद्या बड्या कंपनीचा दावा आला तर घाबरून व्हिडिओ काढू नको, आक्षेप नोंदव.

कराचं दोन ओळींत. मोठी संस्था मानधनातून १० टक्के टीडीएस कापते, तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, आणि तुझ्यासारखी बी.कॉम. झालेली मुलगी ते भरायला दुसऱ्याला पैसे देणार नाही अशी आशा आहे. लोककलेच्या सादरीकरणाचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. दीड लाखाच्या वर मिळायला लागले की मला फोन कर, पार्टी घेईन.

पुण्याचं राहिलं. पुण्याला जा, पण राहायला नको, वाजवायला. कोरेगावहून सकाळी निघालेली गाडी दुपारपर्यंत पोचते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ओपन माईक किंवा छोट्या बैठकीत गा. तिथं काय मिळतं? गाणं लक्ष देऊन ऐकणारी चाळीस माणसं, आणि तुझ्यासारखंच करणारे पाच-सहा जण. पैसे बहुधा मिळत नाहीत, जाण्या-येण्याचा खर्च गाण्यांच्या खात्यात टाक. तिथं राहायला गेलीस तर भाडं भरायला पेटीवर साथच करावी लागेल, आणि ती साथ करणारे तिथं आधीच भरपूर आहेत. इथं तू एकटी आहेस. साताऱ्याला शाहू कलामंदिर, सांगलीला भावे नाट्यमंदिर आणि दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, मिरजेला बालगंधर्व. मोठा हॉल एकदम घेऊ नको, पण या गावांत तुझं गाणं ऐकायला येईल असा वर्ग आहे, त्याला आजवर कुणी स्वतःच्या गाण्याचं तिकीट विकलेलं नाही एवढंच. वाचनालयाचा हॉल, पन्नास खुर्च्या, साऊंड न लावता, आणि तिकीट ठेव, फुकट नको. पन्नासातल्या तीस भरल्या तरी ती तीस माणसं पुढच्या वेळी एकेकाला घेऊन येतात.

नोकरी कधी सोडायची, हे मी तुला तारखेनं सांगणार नाही. चालू खात्यात, म्हणजे वाद्यांच्या कमाईत, सलग दोन हंगाम पगाराएवढे पैसे आले, आणि त्यातला पावसाळा धरूनही सरासरी टिकली, की अर्ज टाक. तोवर घरच्यांनाही तो आकडा दाखवता येतो. वडिलांना "मला गायचंय" यापेक्षा पासबुक लवकर पटतं.

शेवटचा प्रश्न, पुढचं वाद्य कुठलं घेऊ. कुठलंच नको. त्या पैशात मिरजेला ये. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण आपल्याला त्याच्याशी काम नाही. आपल्याला काम आहे तिथल्या कारागिरांच्या कानाशी. तुझं तुणतुणं पाठवलेल्या आवाजात चरचरतंय, खुंटी घसरते आणि चामडं एका बाजूनं सैल आहे. मी ज्यांच्याकडून माझं करून घेते त्यांच्याकडं घेऊन जाईन. रविवारी दुकानं उघडी असतील का ते विचारून कळवते. येताना गिटार आण, आणि वसुलीचं गाणं अर्धं झालं असलं तरी आण.